पातेल्याखालचं मोजमाप

४ जुलै

दादा,

मायन्यात ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, खोडलं. ‘प्रिय’ लिहिलं, तेही खोडलं. शेवटी नुसतं ‘दादा’ ठेवलं. आईनं लावलेली सवय आहे, लगेच सुटत नाही.

माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. मेल पाठवला तर तो तुझ्या आधी तुमचा वकील वाचतो, हे मागच्या वेळी कळलं. म्हणून कागदावर लिहितेय, आणि घरच्या पत्त्यावर. पाकीट वहिनीच्या हाती पडलं तर तिनं खुशाल फोडावं. घरातल्या एकाला तरी कळू दे.

तुमच्या कंपनीचा अहवाल आज आमच्या ऑफिसात आला. साहेबांनी तो माझ्या टेबलावर ठेवला आणि चहाला निघून गेले. शेवटच्या पानावर सही कुणाची आहे ते त्यांनी आधीच बघितलं होतं. तुझं निदान असं, की ब्रॉडबँडच्या टॉवरचा डोंगरावरच्या यंत्रांना कसलाही उपद्रव नाही. यंत्रंच जुनाट आहेत, म्हणून चुकीचे आकडे देतात, म्हणून भोंगा उगाच वाजतो. सबब भोंग्याची जोडणी कायमची तोडावी.

सबब! घरात कधी हा शब्द ऐकला नव्हता. पगाराबरोबर मिळाला वाटतं.

भोंगा कशासाठी आहे हे मी तुला सांगायचं? आपल्या गल्लीच्या वरची घरांची ओळ डोंगरानं गिळली तेव्हा तू शाळेत होतास, आणि बाबांबरोबर माती उपसायला गेला होतास. त्यानंतर डोंगरावर यंत्रं बसली. उपग्रहाकडून येणारा संकेत पकडून ती आपापली जागा मोजत राहतात. जागा बोटभर जरी सरकली तरी खाली भोंगा होतो आणि गल्ली बाहेर पडते. त्या यंत्रांवर लक्ष ठेवणं ही माझी नोकरी. तू तिला ‘दगडांची हजेरी’ म्हणायचास. दगड हजर आहेत तोवरच आई जिवंत आहे, दादा.

समोरच्या टेकाडावर तुमचा टॉवर सुरू झाला आणि त्याच आठवड्यात यंत्रांना भ्रम झाला. डोंगर जागचा हलला नसताना ती तो पळाला म्हणून सांगायला लागली. उपग्रहाचा संकेत किती क्षीण असतो हे तुला शिकवायला नको. पण साहेबांना मी समजावलं ते तूही ऐक. कुणी फार लांबून कुजबुजतंय, आपण जिवाचा कान करून ऐकतोय, आणि शेजाऱ्यानं खिडकीला लाउडस्पीकर टेकवलाय. काही म्हणायला जावं तर शेजारी म्हणतो, मी माझ्या हद्दीत वाजवतो, तुमच्या घरात कुठं आलो? तुम्ही कानात बोळे घाला.

पायथ्याचं यंत्र आईच्या परसात आहे. तुझी चाचणीही तिथंच झाली म्हणे. मी डोंगरावर होते, उतरून आले तोवर तुझी गाडी गेलेली. आईच्या घरी येऊन, जेवून, झोप काढून गेलास आणि बहिणीसाठी थांबला नाहीस. मी कंपनीविरुद्ध तक्रार केली हे तुला तुझ्या वरिष्ठाकडून कळलं, हा राग ना? तुला आधी सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस, टॉवर खांद्यावर घेऊन गेला असतास?

महिनाअखेरीस सुनावणीची सभा आहे. त्याआधी अहवाल मागे घे आणि आमच्यासमोर पुन्हा मोज. विनंती नाही ही.

(अजून तरी) तुझी बहीण


१२ जुलै

दादा,

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं, कंपनीच्या कागदावर, वर ‘महोदया’. जिची वेणी ओढून तू खिडकीच्या गजाला बांधायचास ती आता महोदया झाली. आई हसून हसून बेजार झाली. मी तिला फक्त ‘महोदया’च वाचून दाखवलं, पुढचं नाही.

पुढचं हे: ‘कंपनीला दिलेल्या रेडिओलहरींच्या पट्ट्यातच प्रक्षेपण होत असून, शेजारच्या पट्ट्यातील उपकरणांनी आपले कान आवश्यकतेपेक्षा रुंद ठेवले असल्यास ती जबाबदारी उपकरणधारकाची आहे.’ वा! म्हणजे दोष ऐकणाऱ्याचा. अरे, बारीक हालचाल टिपायची तर कान रुंदच ठेवावे लागतात, हे कॉलेजात तू मला शिकवलंस. गाडीत रस्ता दाखवणाऱ्या स्वस्तातल्या खेळण्यांना तुमचा त्रास होत नाही, कारण त्यांना चार पावलं इकडेतिकडे चालतात. मला चार पावलं चालत नाहीत. चार पावलांत आईचं स्वयंपाकघर येतं.

आता कान देऊन वाच. मंगळवारी दुपारी भोंगा पुन्हा खोटा वाजला. मी गल्लीत धावत गेले. शिंपीकाका मशीनवरून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, “ये ताई, बस. लांडगा आला रे आला, पण लांडग्याला अजून काही आपली गल्ली सापडत नाही.” त्यांच्या दुकानातली माणसं हसली. त्यांना काय बोलणार? आधी प्रत्येक वेळी हीच माणसं म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन, पोरं काखेत मारून, भिजत शाळेच्या मैदानावर जाऊन उभी राहिली होती. किती वेळा उभी राहतील?

आई कांदा चिरत होती. मी ओरडले, “अगं, ऐकू येत नाही का?” तर म्हणाली, “येतंय की. पण राजानं सांगितलंय, तो भोंगा बिघडलाय. तू उगाच जीव खाऊ नकोस.”

राजानं सांगितलंय! म्हणजे तू कंपनीला सांगायच्या आधी आईला सांगून मोकळा झालास. आता मी काय, साहेब काय, प्रत्यक्ष डोंगर दारात येऊन उभा राहिला तरी ती उठायची नाही. मुलगा इंजिनिअर आहे, त्याला जास्त कळतं. मुलगीही इंजिनिअर आहे हे तिला आठवतं, पण पोस्टमनला सांगण्यापुरतं.

तिला माझ्याकडे राहायला चल म्हणून किती विनवलं. म्हणते, “मी जाईन, पण गल्लीतले बाकीचे कुठं जातील? मी निघाले की सगळे घाबरतील.” तिचं हेही खरं आहे, म्हणून जास्त चीड येते.

सभेच्या आत ये. ‘महोदया’ म्हणणार असशील तर येऊ नकोस.

बहीण


१८ जुलै

दादा,

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

काल आईकडे गेले होते. मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं परसात पालथं पडलं होतं. मी म्हटलं, हे घासायला काढलंयस का? तर तिनं कौतुकानं गोष्ट सांगायला घेतली. राजा आला होता त्या दिवशी ना, त्यानं ते अँटेनाचं काहीतरी स्टुलावर उभं केलं, वायर घरातल्या लॅपटॉपला लावली आणि म्हणाला, आता हे आपलं आपण मोजत बसेल संध्याकाळपर्यंत. मग जेवला आणि बाबांच्या खाटेवर गाढ झोपला. दमला होता गं. तेवढ्यात पावसाची भुरभुर सुरू झाली. एवढं महागाचं यंत्र, भिजलं असतं तर त्याच्या पगारातून कापलं असतं. त्याला उठवायचं तिच्या जिवावर आलं. मग तिनं हे पातेलं त्याच्यावर पालथं घातलं. वायरीला धक्का लागू दिला नाही बरं का! तो उठायच्या आत काढून घेतलं, फडक्यानं पुसलं. “त्याला कळलंसुद्धा नाही,” असं म्हणून हसली.

मी पातेलं उचलून उलटसुलट करून बघितलं. तिनं विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, काही नाही, मायेला तोड नाही तुझ्या.

मग ऑफिसात जाऊन तुझा अहवाल काढला. आलेख तूच जोडलायस. सकाळभर टॉवरचा जोर आमच्या यंत्राला सोसेल त्याच्या कितीतरी वर. दुपारी आलेख एकदम खाली कोसळतो आणि संध्याकाळपर्यंत जमिनीला चिकटून राहतो. टॉवर तर दिवसभर चालू होता. आणि त्याच्याखाली तुझ्या हातची टीप: ‘सकाळची मोजणी उपकरण स्थिर होण्यापूर्वीची असल्याने वगळली आहे.’

अख्खी सकाळ उपकरण स्थिर होत होतं? काय ते उपकरण होतं की घरजावई?

आईला माहीत नाही की धातूच्या पातेल्याखाली रेडिओचा संकेत पोचत नाही. तिला माहीत असायचं कारणही नाही. तुला माहीत आहे. असा आलेख बघून कुठलाही विद्यार्थी विचारेल, की मध्येच यंत्रावर कुणी काय झाकलं? तू विचारलं नाहीस. कदाचित प्रश्न पडला असेल. पण उत्तर सोयीचं होतं, म्हणून खरं ते वगळलंस आणि पातेल्याखालचं ठेवलंस.

मी हे साहेबांना सांगू शकते. आत्ता, या क्षणी. अजून सांगितलेलं नाही, आणि तुझ्यावर उपकार म्हणून तर मुळीच नाही. मी सांगितलं तर उद्या चार लोक आईच्या परसात पातेलं बघायला येतील आणि तिला समजेल, की जो भोंगा तिला वाचवणार तो तिनंच आपल्या हातानं गप्प केला. लेकाची नोकरीही तिच्याच हातून गेली, असंही तिला वाटेल. ही जखम मला तिला द्यायची नाही. तू स्वतःहून अहवाल मागे घेतलास, नुसतं ‘मोजणीत त्रुटी’ एवढं म्हणालास, तरी पुरे. कुणाला पातेल्याचं नावही कळणार नाही. झाकली मूठ आहे, झाकलेलीच ठेव.

सभेपर्यंत वाट बघते. नाहीतर मी बोलणार. आईसाठी गप्प बसून आईच गेली तर मग कुणासाठी गप्प बसले म्हणायचं?


१ ऑगस्ट

दादा,

तू सभेत होतास, तरी लिहितेय. तिथं तू जे पाहिलं नाहीस, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलंस, ते तुला कागदावर मिळालं पाहिजे.

तुझं पत्र आलं नाही. म्हणून आलेखाची मोठी प्रत करून फायलीत ठेवली होती. सभागृहात तुमची माणसं एका बाजूला, आमची एका बाजूला, मागं गल्लीतले लोक. आईला मी येऊ नको म्हटलं होतं. ती शिंपीकाकांबरोबर आली. ठेवणीतले कपडे, हातात डबा. मला वाटलं माझ्यासाठी. नंतर कळलं, डबा तुझ्यासाठी होता. सभा लांबली तर राजा उपाशी राहील.

तू छान बोललास. आवाज बाबांसारखा झालाय तुझा. तुमचा वकील मध्येच म्हणाला, ऑफिसवाल्यांचं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. लोक हसले. तूही हसलास. तेव्हा मी फाईल उघडली.

पण मी उठायच्या आत अध्यक्षांनी सहज विचारलं, मोजणी काळजीपूर्वक झाली होती ना? आणि मागून आईचा आवाज आला. “झाली म्हणजे काय साहेब! माझ्याच परसात झाली. मी आई त्याची. पाऊस आला तर यंत्राला थेंब लागू दिला नाही मी. मोठं पातेलं पालथं घातलं वरनं. दुपारपासून तो उठेपर्यंत. विचारा की त्याला!”

तिला तुझी बाजू भक्कम करायची होती. अभिमानानं बोलली रे ती. एवढ्या लोकांत, माईक नसताना, शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू जाईल असं.

आधी कुणालाच काही कळलं नाही. मग आमचे साहेब पुढं वाकले. मग तुमच्यातल्याच एका इंजिनिअरनं कपाळाला हात लावला. अध्यक्षांनी विचारलं, “कसलं पातेलं, आजी?” ती म्हणाली, “ॲल्युमिनियमचं. चांगलं जाड आहे.” तेवढ्यावर हशा पिकला. आपल्या आईला हसले लोक, आणि ती सुद्धा त्यांच्याबरोबर हसायला लागली, कारण तिला वाटलं काहीतरी चांगलं झालं.

मी तुझ्याकडे बघत होते. सगळे चमकले, दादा. तू चमकला नाहीस. तू खाली बघितलंस. ज्याला पहिल्यांदा कळतं तो वर बघतो. तुला माझ्या पत्रातून कळलं होतं म्हणशील. मला वाटतं त्याच्याही आधी, आलेख हातात आला त्याच दिवशी तुला कळलं होतं.

फेरचाचणी होईपर्यंत टॉवरचा जोर कमी ठेवायचा आणि भोंगा जोडलेला ठेवायचा, असा निर्णय झाला. आम्ही जिंकलो. शिंपीकाकांनी माझी पाठ थोपटली. तू मागच्या दारानं गेलास. आई डबा घेऊन पुढच्या दारात उभी होती, हॉलला कुलूप लागेपर्यंत.

घरी जाताना रिक्षात तिनं डबा मांडीवर धरून ठेवला होता. घर आल्यावर म्हणाली, “मी बोलायला नको होतं का गं?” मी म्हटलं, तू खरं बोललीस. ती म्हणाली, “ते नाही विचारलं मी.”

त्यानंतर ते पातेलं तिनं कुणालातरी देऊन टाकलंय.


१३ ऑगस्ट

दादा,

दोन गोष्टी आहेत. पहिली कामाची.

टॉवरचा जोर कमी झाल्यापासून यंत्रं शहाण्यासारखी मोजतायत. सगळ्यांना वाटलं, आता शांतता. पण गोंगाट निवळल्यावर दिसायला लागलं, की डोंगर खरोखरच हलतोय. अगदी हळू, पण रोज, आणि खालच्याच दिशेनं. तुमच्या गोंगाटाखाली हे केव्हापासून चाललं होतं देव जाणे. आम्ही साप सोडून भुई धोपटत बसलो होतो. गल्ली रिकामी करायचा आदेश आज ना उद्या निघेल. तो निघून माणसांना जागा मिळेपर्यंत मध्ये फक्त एक भोंगा आहे. दुसरं काही नाही.

दुसरी गोष्ट तुझ्या वकिलाची. तो काल आईकडे येऊन गेला. आईच्या नावाचं प्रतिज्ञापत्र घेऊन. वयोमानानुसार माझी स्मरणशक्ती क्षीण झाली आहे, सभेत मी केलेलं विधान भ्रमातून झालं, यंत्रावर मी काहीही झाकलं नव्हतं. त्याच्याबरोबर तुझी चिठ्ठी, तुझ्या अक्षरात. मला टाइप करून महोदया, आणि तिला हातानं लिहून ‘आई, एवढं कर’.

तुला आधी शिव्या देणार होते. यादी मनात तयार होती, त्यातल्या दोन बाबांच्या होत्या. पण आता त्याही तुझ्यावर वाया जातील. अरे, जिनं यंत्राला थेंब लागू नये म्हणून जीव टाकला, तिला वेडी ठरवायला निघालास? आणि तेही तिच्याच सहीनं?

मी कागद हिसकावून घ्यायला गेले. तिनं दिला नाही. चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचला, मोठ्यानं. मध्ये मला विचारलं, “क्षीण म्हणजे कमी ना?” मग पेन मागितलं.

मी म्हटलं, आई, यावर सही केलीस तर टॉवर पुन्हा पूर्ण जोरानं सुरू होईल. यंत्रं पुन्हा बावचळतील. भोंग्याची जोडणी तुटेल. डोंगर हलतोय, हे तुला मी सकाळीच सांगितलंय. कळतंय का तुला?

म्हणाली, “सगळं कळतंय. सभेतून येतानाच कळलं. पातेल्यानं काय झालं ते मी शिंपीकाकांच्या कॉलेजातल्या मुलीकडून नीट समजून घेतलं. चूक माझी आहे, मग नोकरी त्याची का जावी?”

मी म्हटलं, चूक त्याची आहे.

“असेल. पण मला दोघांपैकी एकाचीच दुरुस्त करता येते.” आणि केली सही. अक्षर बघ, एक रेघ हललेली नाही. स्मरणशक्ती क्षीण झालेल्या बाईचं अक्षर.

सही करून झाल्यावर तिनं माझा हात धरला. म्हणाली, वर डोंगरावर काही झालंच तर राजाला बोल लावायचा नाही, शपथ घे. मी घेतली नाही. ती रडली, तरी घेतली नाही. याआधी मी तिला कधी एवढं रडवलेलं नाही, आणि हेही तुझ्याच खात्यावर.

कागद सोबत पाठवतेय. फाडणार होते, पण तिनं दुसरा केला असता. साहेबांनाही अजून दाखवला नाही. वकिलाला दे, नाहीतर चुलीत घाल, हे आता फक्त तुझ्या हातात आहे.

तळाशी साक्षीदाराची जागा आहे: ‘सदर बाई माझ्या ओळखीच्या असून त्यांची मानसिक अवस्था मला ठाऊक आहे.’ वकील म्हणाला, तिथं मुलीची सही चालेल. मी केलेली नाही.

तिथं तू कर.